पंख्यांच्या कोपऱ्यावरचा कागद

मित्रांनो, टेकडीवरच्या ज्या पांढऱ्या घुमटाला तुम्ही पाण्याची टाकी समजता, त्यात पाण्याचा थेंब नाही. आत मी आहे, हवामान खात्याचा एक जुना रडार. तुमचा विश्वास बसणार नाही. मला त्याची सवय आहे.

माझी मोठी थाळी कारखान्यात घडली आणि ट्रकवर आडवी बांधून इथे आली. माझं काम साधं होतं. गोल फिरायचं, लहरी सोडायच्या, आणि त्या पावसाच्या थेंबांवर आपटून परत आल्या की पडद्यावर रंग दाखवायचे. वारा माझ्याकडे येत असेल तर हिरवा, लांब जात असेल तर लाल. हिरवा आणि लाल अगदी खेटून दिसले, तर तिथे वारा गरगर फिरतो आहे असं समजायचं. असा भोवरा ढगातून जमिनीवर उतरला की त्याला टोर्नेडो म्हणतात. तो घरं मुळासकट उपटतो.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग पूर्वेच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. सगळे त्यांना पंखे म्हणत. त्यांची पाती फिरू लागली, की मला हिरवं आणि लाल खेटून दिसे. मी इमानाने तेच दाखवलं. भोंगे वाजले, लोक तळघरात जाऊन बसले, आणि वर लख्ख ऊन पडलेलं होतं.

त्या दिवसापासून आमच्या केंद्राचे साहेब माझ्याकडे चोराकडे पाहावं तसे पाहू लागले. "याचं म्हणजे लांडगा आला रे आला!" असं म्हणत त्यांनी पडद्याच्या ज्या कोपऱ्यात पंखे दिसत, त्यावर चक्क कागद चिकटवला. पुढे मलाही माझा संशय येऊ लागला. मला दिसतं ते खरंच असतं का?

पडद्यासमोर बसणाऱ्या बाईंना मात्र संशय होता तो कागदाचा. त्यांचे यजमान म्हणजे आमचे मिस्त्री. माझ्या चाकांना ग्रीस तेच लावत.

एका दुपारी पूर्वेला आभाळ काळंनिळं झालं. बाईंनी नखाने कागदाची कड उचलली. खाली हिरवं आणि लाल, खेटून.

"साहेब, हे बघा."

"पंखे आहेत, बाई. कागदाला नवा डिंक लावा."

"रोजच्यापेक्षा भडक दिसतंय."

"मागच्या वेळी अख्खं गाव मला हसलं. पुन्हा नाही."

मिस्त्री त्या दिवशी पंख्यांजवळच्या शाळेच्या छतावर भोंगा दुरुस्त करत होते. शाळा भरलेली होती. बाईंनी फोन लावला.

"अहो, समोरचे पंखे फिरताहेत का?"

"अगं, नवरा जेवला का ते विचारायचं सोडून पंख्यांची चौकशी?"

"फिरताहेत का, तेवढं सांगा!"

"नाही. सकाळपासून बंद आहेत. दुरुस्तीसाठी पाती बांधून ठेवलीत."

पंखे बंद, मग फिरतंय काय?

साहेबांनी स्वतःच कागद टरकन फाडला. "वाजवा म्हणावं भोंगा!"

"मुलांना तळघरात न्या," बाई फोनवर ओरडल्या. "आणि तुम्हीही उतरा. शहाणपणा नको!"

थोड्याच वेळात शाळेचं छप्पर उडालं. भोंगाही गेला. तीन पंखे मोडून पडले. तळघरात मात्र सगळी मुलं होती, आणि दाराला पाठ लावून मिस्त्री उभे होते.

बाई आता नाहीत. पुढे काही वर्षांनी त्या आजारपणात गेल्या. तसलं काही मला पडद्यावर दाखवता येत नाही.

आता शेजारच्या टेकडीवर नवा रडार आला आहे. त्याच्या पडद्यावर कागद नाही म्हणे. एक बटण आहे. ते दाबलं की पंख्यांचा कोपरा कोरा दिसतो. मला त्या बटणाचा संशय आहे.

मला बंद केलं, तरी मिस्त्री अजून येतात. गरज नसताना ग्रीस लावतात. मग बाईंच्या खुर्चीशेजारी, खाली जमिनीवर बसतात. खुर्चीत बसत नाहीत.

मित्रांनो, जुन्या यंत्रांवर संशय जरूर घ्या. आम्ही चुकतो. पण कागद चिकटवून गप्प बसू नका. कड उचला, आणि तिथे कोणी आपलं माणूस असेल तर त्याला विचारा.

जाताना मिस्त्री रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणतात, "पंखे फिरताहेत गं आज." मग दिवा मालवतात.