सोनखडीची चढण

सोनखडीच्या डोंगरावर चालत जायचं म्हटलं की एरवी लोकांचे गुडघे आठवडाभर आधीच दुखायला लागतात. पळत जायला मात्र हल्ली रांग लागते. जानेवारीतल्या त्या रविवारी पायथ्याच्या कापलेल्या भातखाचरात मांडव पडला, स्पीकर किंचाळू लागला आणि अलिबागपासून पनवेलपर्यंतची चांगली शहाणीसुरती माणसं छातीवर नंबर टाचून जागच्या जागी उड्या मारू लागली. शर्यत म्हणाल तर एवढीशी, पायथ्यापासून माथ्यावरच्या निशाणापर्यंत. पण सगळी उभी. पुढच्याच्या टाचा आपल्या नाकासमोर येतात अशी चढण.

विनिता त्या गर्दीत एकटीच उभी होती. तिला त्याची सवय होती. ती अलिबागच्या एका पतपेढीत कारकून होती. चाळिशी उलटली तरी लग्न केलं नव्हतं, आणि आई गेल्यापासून कोळीवाड्यातल्या घरात दुसरं माणूस नव्हतं. एका माणसाचं कालवण करायचं म्हणजे काय असतं, ते ज्यानं केलं त्यालाच कळतं. चार बोंबील टाकले तरी दुसऱ्या दिवशी तेच गरम करावे लागतात. जेवताना ती टीव्ही लावून ठेवायची. बघायची नाही. घरात कुणीतरी बोलत असावं, एवढंच.

वाट एका माणसापुरतीच असल्यामुळे स्पर्धकांना एकेक करून सोडत होते. मागचा गाठायला आला की त्यानं ‘बाजू’ म्हणायचं आणि पुढच्यानं कडेला सरून त्याला जाऊ द्यायचं. न बोलता कुणी ओलांडायचं नाही, कारण एका अंगाला दरी होती. नियम समजावून झाला, चिठ्ठ्या काढून क्रम लागला, आणि विनितानं आपल्या पुढचा नंबर कुणाचा ते पाहिलं. पुढे तिची धाकटी बहीण होती, मृणाली.

तीन वर्षं दोघींचा अबोला होता. आईच्या शेवटच्या दुखण्यात मृणाली तिला पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हणत होती. आई घर सोडायला तयार नव्हती, आणि विनितानं आईचं ऐकलं. दहाव्याला किनाऱ्यावर सगळ्या भावकीसमोर मृणाली म्हणाली होती, “आयला तू हातची घालवलीस.” खरं सांगायचं तर रात्री पडल्या पडल्या विनिता स्वतःही तेच म्हणायची.

मृणालीनं मागे एकदाच पाहिलं, आणि तिला सोडलं तशी ती निघाली. पाठोपाठ विनिता निघाली.

हा डोंगर दोघींच्या पायाखालचा होता. त्यांची आई कमळ सुकी मासळी टोपलीत घालून माथ्याजवळच्या वाडीवर विकायला न्यायची आणि या दोघी पिशव्या घेऊन मागे असायच्या. पोरींची तोंडं काही बंद राहायची नाहीत. मग आई दटावायची, “चढनीला बोलाचा न्हाय. काय बोलाचा हाय ता वर जाऊन बोला.” वर पोचलं की दोघी एकदम सुरू व्हायच्या, आणि आई टोपली उतरवून कपाळाला हात लावायची.

करवंदीची जाळी संपली, कातळ सुरू झाला, आणि विनितानं बहिणीला गाठलं. आता मृणालीच्या टाचा तिच्या डोळ्यांसमोर होत्या. धाप ओळखीची होती, लहानपणी एका गोधडीत ऐकलेली. ‘बाजू’ म्हणायचं आणि पुढे जायचं. एवढा एकच शब्द, पण तो तीन वर्षांतला पहिला झाला असता. पहिला शब्द कोणता, तर ‘सरक’? विनिताच्या तोंडून तो निघेना. ती मागेच राहिली.

तेवढ्यात मागून हितेश नावाचा नवी मुंबईचा एक पोरगेला गडी वाफ सोडत आला. “बाजू, मावशी, बाजू!” म्हणाला, विनिताला ओलांडून गेला, मग मृणालीलाही. त्याला काही जड गेलं नाही. विनिताला त्याचा रागच आला.

पुढे मृणाली वाकून बुटांशी काहीतरी करायला थांबली. विनिताही चार हात खाली थांबली. दमली असेल, आपण कशाला तिचा नंबर घालवायचा, असं तिनं मनाशी म्हटलं. आपण मोठ्या मनाच्या, असंही थोडंसं वाटलं तिला. जरा वर मृणाली पुन्हा वाकली. विनिता पुन्हा थांबली. मग मृणाली जी सुटली, ती माथ्यापर्यंत.

माथ्यावर वारा होता, खाली समुद्रात त्यांच्या गावच्या होड्या दिसत होत्या. वर जाऊन बोलायचं, हे विनितानं शेवटच्या चढणीवर घोकत आणलं होतं. मृणाली एका दगडावर पाय पसरून केळं खात होती. विनिता तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिची वाचा बसली. मृणालीनं वाट पाहिली. केळं संपवलं, साल पिशवीत टाकली, तरी पाहिली. मग ती उठली आणि उतरणीला लागली.

ती उठताना विनिताचं लक्ष तिच्या बुटांकडे गेलं. त्यांना बांधायची नाडी नव्हतीच. बारीक दोरी आणि वर प्लास्टिकचा चाप, एकदा ओढला की दिवसभर सुटत नाही असा.

म्हणजे ती बूट बांधायला थांबली नव्हती. दोन्ही वेळा ती विनिताच्या एका शब्दासाठी थांबली होती, आणि ही मोठ्या मनाची बाई खाली गप्प उभी होती. विनिताला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. ती धावली. शर्यतीत धावली नव्हती अशी धावली. कातळाच्या वळणावर पुढे पाठ दिसली तेव्हा तिच्यात दम उरला नव्हता. जो शब्द हाताशी होता तोच तिनं टाकला.

“बाजू दे, मृणे.”

मृणाली थांबली. बाजूला झाली नाही, मागेही वळली नाही.

“चढनीला बोलाचा न्हाय, आय सांगाची,” ती म्हणाली. “आता उतरन लागली, ताय. बोल.”

वाट एकाच माणसाची होती, तेव्हा मृणाली पुढे आणि विनिता मागे, अशाच दोघी उतरत राहिल्या. बहिणीचं तोंड दिसत नव्हतं. नुसत्या पाठीकडे बघून विनितानं आईच्या शेवटच्या रात्रीपासून सांगायला सुरुवात केली.