हाताला पाठ असलेला नंबर

ऑपरेटरबाईंना निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, तरी इमारतीत त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने कुणी हाक मारत नसे. एकतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काढली. कान हेडफोनमध्ये, डोळे रजिस्टरवर आणि उजवा हात बटणांवर. अमुक वॉर्डाचा नंबर काय, असं तोंडी विचारलं तर बाई सपशेल अडकायच्या. पण "वॉर्ड द्या" म्हणायचा अवकाश, हात जाऊन नेमकी बटणं दाबून मोकळा व्हायचा. नंबर डोक्यात ठेवायचा असतो हेच त्यांना मान्य नव्हतं. डोक्याला इतर कामं काय कमी असतात?

मोबाइल घेतला तेव्हाही तेच झालं. कुलपासाठी सहा आकडे टाका, जन्मतारीख मात्र नको, असं दुकानदार म्हणाला. बाईंच्या हाताने सहा आकडे टाकले. पुढे चार वर्षं तो हात दिवसातून पन्नासदा तेच आकडे टाकत होता. ते आकडे कोणते, याची बाईंनी कधी चौकशी केली नाही.

मग मुलाच्या डोक्यात सुरक्षिततेचं खूळ शिरलं. त्याच्या ऑफिसातल्या एकाच्या मागे बसस्टॉपवर कुणीतरी उभं राहिलं, बोटं कुठे पडतात ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी फोन हिसकावून पसार झालं. त्याच रविवारी मुलगा आईकडे आला आणि तिच्या फोनला तीन तास चिकटून बसला. फोन अंगठ्याने उघडेल अशी सोय त्याने केली. नंबर टाकायची वेळ आलीच तर पडद्यावरचे आकडे दर वेळी जागा बदलतील, म्हणजे मागून बघणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही, असंही करून ठेवलं. आणि कळस म्हणजे, पंधरा वेळा नंबर चुकला की फोनमधलं सगळं आपोआप पुसलं जाईल.

हे सगळं सुरू करायच्या आधी फोनने जुना नंबर विचारला. "तू टाक, मी बघत नाही," असं म्हणून मुलाने तोंड भिंतीकडे वळवलं. इतका सभ्य मुलगा! त्या दिवशी त्याने जरासा असभ्यपणा केला असता, तर पुढचं रामायण टळलं असतं.

अकरा दिवस अंगठा चालला. बाराव्या दिवशी बाई उठल्या, तर फोन आपला आपण बंद होऊन पुन्हा चालू झाला होता. अशा वेळी अंगठा चालत नाही, नंबरच लागतो. बाईंचा हात सवयीने पुढे गेला आणि तिथेच थबकला. एकच्या जागी आठ बसला होता, चारच्या जागी शून्य. हाताने तरी आपली जुनी वाट धरली. चुकला. पुन्हा धरली, पुन्हा चुकला. आता जागा बघून आकडे शोधावेत, तर आकडे कोणते तेच ठाऊक नाही! डोळे मिटून, चष्मा काढून, मनात घोकून, असं करत बाईंनी अकरा प्रयत्न उडवले. मग फोन फ्रिजवर पालथा ठेवला आणि ब्र काढला नाही.

पुढचे चार दिवस आलेले फोन त्या घेत होत्या. त्याला कुलूप आड येत नाही. आपणहून मात्र त्यांनी एकही फोन केला नाही, आणि मुलाच्या ते ध्यानात आलं. रविवारी तो बायकोला घेऊन हजर झाला.

"नंबर विसरलीस ना?"

"विसरले नाही. मला तो कधी माहीतच नव्हता."

हे शंभर टक्के खरं होतं. ऐकणाऱ्याला मात्र ते, म्हातारी भ्रमिष्ट झाली, असंच वाटावं असं होतं. मुलाने बायकोकडे पाहिलं, बायकोने जमिनीकडे पाहिलं. बाईंना दोघांचाही राग आला.

कारण हे निव्वळ फोनवर थांबणारं नव्हतं. आईने आता एकटीने राहू नये, असं मुलाने वर्षभरापासून लावून धरलं होतं. एकदा दूध उतू गेलं, एकदा किल्ली दाराला राहिली, आणि दोन्ही वेळा नेमका तो हजर होता. त्याच्या घरी खोली तयार होती. हे घर भाड्याने द्यायचं तर एजंटशी बोलणंही झालं होतं. बाईंना त्या खोलीत जायचं नव्हतं. आपली खिडकी, आपला ओटा, सकाळी कुणाला न विचारता लावलेला आपला रेडिओ. एवढ्यासाठी त्या शेवटपर्यंत भांडायला तयार होत्या.

"असं कर," मुलगा म्हणाला. "आज फोन उघडून दाखव. पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही उघडला, तर मात्र सामान बांधायचं."

"ठरलं," बाई म्हणाल्या.

मुलाने छातीठोकपणे स्वतःची जन्मतारीख टाकली. चुकली. वडिलांची टाकली. तीही चुकली. आईच्या फोनचं कुलूप आपल्या नावाचं नाही, हे त्याला जरा लागलंच. दर चुकीनंतर फोन आधीपेक्षा जास्त वेळ थांबा म्हणत होता.

"पण नंबर आहे तरी कसला? कुणाचा असेल ना?"

"असाच आहे," बाई म्हणाल्या, आणि जरा घाईनेच म्हणाल्या.

नंबर कुणाचा, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. आकडे ठाऊक नव्हते, माणूस ठाऊक होतं. तो त्यांच्या धाकट्या बहिणीच्या घरचा जुना नंबर होता. मुलगा शाळेत असताना बाई ड्यूटीवर असायच्या आणि तो शाळा सुटली की मावशीकडे जायचा. रोज चार वाजता, बोर्डावर जरा उसंत मिळाली की, बाईंचा हात ते सहा आकडे दाबायचा. "पोचला का गं?" "पोचला. खातोय." अशी दहा वर्षं गेली.

आणि नऊ वर्षांपूर्वी त्यांची आई त्याच हॉस्पिटलात होती. शेवटच्या दुपारी धाकटीने आईशी बोलायला बोर्डावर फोन केला. बाईंनी, नियम तो नियम, तिला इतरांसारखंच थांबायला लावलं. चौदा मिनिटं. तेवढ्यात वर वॉर्डात सगळं आटोपलं होतं. "सख्ख्या बहिणीला होल्डवर ठेवलंस," धाकटी म्हणाली. बाई चुकल्या होत्या, आणि चुकल्या होत्या म्हणूनच ताठ राहिल्या. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा तो मावशीला बोलवायचं म्हणून मागे लागला. बाईंनी सांगितलं, "मला तिचा नंबर आठवत नाही." त्याला पाठ असलेला सहा आकडी नंबर कधीच बंद पडला असणार, असं तो धरून चालला होता. मावशी लग्नाला आली नाही. सूनबाईंनी तिला अजून पाहिलेलं नव्हतं.

आता "मावशीचा नंबर" एवढे दोन शब्द उच्चारले की फोन उघडणार होता, हे बाईंना कळत होतं. मुलाला तो नंबर झोपेतही सांगता आला असता. पण ते दोन शब्द काही तोंडातून निघेनात.

सूनबाई एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला होत्या. त्यांना बोटांची सवय कळत होती. पर्समधला कॅल्क्युलेटर काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"आई, तुम्ही तिकडे बघा आणि नुसता हात चालवा. मी आकडे वाचते."

बाईंनी पंख्याकडे पाहिलं. हात सरसर चालला. सूनबाईंनी वाचलं, चार, सात, एक, नऊ, सहा, आठ. पुन्हा करून बघितलं, तेच. मुलाने नंबर फोनमध्ये टाकला.

चुकला. आता एकच प्रयत्न उरला.

"राहू दे आई," मुलगा म्हणाला. आवाज इतका मऊ, की बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तो एजंटला फोन करायला गॅलरीत गेला. बाई कॅल्क्युलेटरकडे नुसत्या बघत बसल्या. आणि एकदम म्हणाल्या, "अगं, हे उलटं आहे!"

"काय उलटं?"

"सात वर, एक खाली! टेलिफोनवर एक वर असतो."

सूनबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. आठ वर्षं त्या फोनची आणि कॅल्क्युलेटरची बटणं वापरत होत्या, पण हे कधी त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. "मग कागदावर वरचं खाली करून घेऊ."

"एकच संधी आहे. मला कागदावर भरवसा नाही. खाली दाराशी बेल आहे ना, फ्लॅटचे नंबर दाबायची, तिच्यावर एक वर आहे. चल. आणि त्याला बोलावू नकोस. तू एकटी ये."

सून मावशीला ओळखत नाही, तिचा नंबर तिला काय कळणार, असा बाईंचा बेत होता. स्वतःच्या हातावर नजर ठेवली की तो बावचळत असे, म्हणून कुणीतरी सोबत हवंच होतं.

दोघी जिने उतरून खाली गेल्या. बाईंनी मान वळवून रस्त्याकडे पाहिलं आणि हात चालवला. चार, एक, सात होतात न होतात तोच वरून आवाज आला, "कोण आहे?"

"कुणी नाही काका, चुकून लागलं!" सूनबाई ओरडल्या.

बाईंचा हात थांबला नव्हता. तीन, सहा, दोन. खात्रीसाठी पुन्हा.

"अहो, खेळ लावलाय का?" चारशे सतरावाले काका कडाडले. सूनबाई हसू दाबत आकडे बिलाच्या पाठीवर लिहून घेत होत्या. बाईंनाही हसू फुटलं. फार दिवसांनी त्या अशा हसल्या.

वर आल्यावर फोनने थांबायला लावलेला वेळ संपेपर्यंत दोघी त्याच्यासमोर बसून राहिल्या. मग बाईंनी एकेक आकडा शोधून, बोट टेकवून, सावकाश दाबला. फोन उघडला.

"अरे, उघडला!" सूनबाईंनी गॅलरीकडे हाक मारली. मुलगा आला. उघडलेला फोन पाहिला, आईकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा खरोखरच फुलला. हरल्याचा आनंद होणारी माणसं असतात, तो त्यांतला होता. "मानलं तुला! एजंटला नाही म्हणून सांगतो," तो म्हणाला. तेवढ्यात टेबलावरचं बिल त्याला दिसलं.

त्याने ते उचललं. आकडे हळू आवाजात म्हटले, आणि मग शाळेच्या डायरीतल्या ओळीसकट म्हटले. "आई ड्यूटीवर असल्यास. चार एक सात, तीन सहा दोन." तो खुर्चीत बसला. "हा मावशीचा नंबर आहे."

त्याने बिल टेबलावर पालथं ठेवलं.

"विसरले म्हणाली होतीस. माझ्या लग्नात."

"हो."

"म्हणजे विसरली नव्हतीस."

"मी काही विसरत नाही," बाई म्हणाल्या. सिद्ध तर हेच करायचं होतं त्यांना, आणि ते झालं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलगा म्हणाला, "आता हा नंबर बंदही झाला असेल. सहा आकडी फोन गेले कधीच."

"पुढे दोन लागतो," बाई म्हणाल्या.

"तुला कसं माहीत?"

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "लावते मी. महिन्या-दोन महिन्यांनी. ती हॅलो म्हणते. मग मी ठेवते."

मुलाने उघडा फोन आईपुढे सरकवला. रागात सरकवला की मायेने, ते सूनबाईंना कळलं नाही. बाईंनी गावाचा कोड आणि दोन दाबला, आणि पुढचं हाताने केलं. या पडद्यावर आकडे आपापल्या जागी होते. मुलाने स्पीकर लावला. चार वेळा घंटी वाजली.

"हॅलो," धाकटीचा आवाज आला. जरा जाड झालेला.

एकतीस वर्षं लोकांची बोलणी जोडून देणाऱ्या बाईंना एक शब्द फुटेना. मग धाकटी म्हणाली, "आज ठेवू नकोस, ताई."

बाईंचा उजवा हात सवयीने लाल बटणाकडे निघाला होता. त्यांनी तो मागे ओढला आणि मांडीखाली दाबून धरला.