गिरणीची धूळ घरात नको

बुधवारची सकाळ होती. गेंट शहरातल्या भाड्याच्या घरामागे नेदका नवऱ्याची कामाची पँट झटकत होती. आगीत जळालेल्या जुन्या सूतगिरणीचं छप्पर उतरवायला ठेकेदाराने बल्गेरियातून आलेले सहा जण लावले होते. नेदकाचा नवरा आसेन त्यांतलाच एक. कपडे ज्याने त्याने घरी धुवायचे, अशी तिथली रीत.

"अगं ए, झटकू नकोस!" शेजारच्या खोदेलीव्हमावशी कुंपणापलीकडून ओरडल्या. "खाली ठेव, पाणी मार!"

"राख तर आहे, मावशी."

"राख? अॅस्बेस्टॉसचे पत्रे आहेत ते. आगीत तडकलेत, हात लावला की भुगा उडतो. माझी आई गिरणीत कधी गेली नाही गं. वडिलांचे याच धुळीने भरलेले कपडे तेवढे धुवायची. चाळीस वर्षांनी फुप्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरने गेली."

नेदकाने पँट अलगद खाली ठेवली. धाकटी मुलगी कालिना रोज संध्याकाळी याच पँटला मिठी मारायची.

संध्याकाळी आसेन चिडला. "मुकादमाला बोललो तर काम जाईल. मग काय, गावी परत जायचं?"

"जाऊ. पण धड श्वास घेत जाऊ."

दुसऱ्या दिवशी नेदकाने इतर पाच कामगारांच्या बायकांना गाठलं. मावशींनी सांगितलं तसे सगळ्यांनी कपडे भिजवले, दुहेरी पिशव्यांत घालून तोंडं चिकटपट्टीने बंद केली आणि त्या गिरणीच्या फाटकावर गेल्या.

"हे काय आणलंत?" मुकादम फानहेकेने विचारलं.

"तुमचं धुणं," नेदका म्हणाली. "घरी न्या. बायकोला सांगा, नीट झटकून धू."

ती पिशवी पुढे करताच मुकादम दोन पावलं मागे सरकला. "तिथेच ठेव! जवळ आणू नकोस!"

"म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला!"

शिडीवरून आसेनने ते मागे सरकणं पाहिलं. तो खाली उतरला. पाठोपाठ उरलेले पाचही उतरले. मावशींनी सकाळीच कामगार निरीक्षकांना फोन केला होता. दुपारपर्यंत काम बंद पडलं.

दहा आठवड्यांनी ते रीतसर सुरू झालं. इमारत प्लास्टिकने वेढली, पत्रे भिजवून अख्खे उतरवले. माणसांना धूळ अडवणारे मास्क मिळाले, टाकून द्यायचे अंगरखे मिळाले, अंघोळीशिवाय कुणी बाहेर पडेना. पण त्या माणसांत आसेनला घेतलं नव्हतं. अख्खा हिवाळा तो घरी बसून होता. आधीच्या पंधरा दिवसांत छातीत किती धूळ गेली, हे कुठलाही डॉक्टर आज सांगू शकत नाही.

नेदका मात्र घरी बसली नाही. ती गल्लोगल्ली फिरते, दार ठोठावते आणि बाईला एकच प्रश्न विचारते, "तुमच्याकडे कामाचे कपडे कोण धुतं?"