अर्धी गाडी

डोळे मिटून तिनं धाकट्या बहिणीच्या गाडीवरून तळहात फिरवला. मागच्या दारापासून मागच्या चाकाच्या वर, तिथून थेट दिव्याच्या खोबणीपर्यंत. डोळे फसतात, तळहात फसत नाही, हे तिनंच धाकटीला शिकवलं होतं. हात कुठेच अडला नाही. तिनं पुन्हा फिरवला. पुन्हा अडला नाही.

स्टुडिओत अजून कुणी आलं नव्हतं. दोन अर्ध्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. मेण मिसळलेल्या तपकिरी मातीच्या, खऱ्या मापाच्या, नाकापासून शेपटीपर्यंत उभ्या चिरल्यासारख्या. डावी अर्धी तिची, उजवी धाकटीची. पाहणीच्या वेळी चाकांवरचा मोठा आरसा ढकलत आणून चिरलेल्या बाजूला लावायचा, की अर्धीची पूर्ण गाडी व्हायची. नऊला स्टुडिओचे प्रमुख, सर, येणार होते. एक अर्धी ते ठेवणार होते. दुसरी खरवडून तिची माती मऊ व्हायला भट्टीत परत जाणार होती.

सहा वर्षांपूर्वी हीच गाडी तिच्या हातून घडली होती. आईवडील, दोन मुलं आणि मागे सामान, एवढ्यांची. आता तिचं रूप बदलायचं होतं. इंजिनाला हातभार लावायला एक छोटी मोटर आली होती आणि तिची बॅटरी मागच्या सीटखाली बसली होती. सीट चाळीस मिलिमीटर वर सरकली, तिच्यापाठोपाठ छप्पर वर गेलं, आणि दाराच्या मागचा पत्रा दाढ सुजल्यासारखा दिसायला लागला. त्या सुजेशी ती तीन आठवडे झगडत होती. धाकटीनं ती चार दिवसांत उतरवली. तीही शीळ घालत.

"धाकटीच्या हाताला उपजत गुण आहे गं," आई परवा फोनवर म्हणाली होती. "तुझं आपलं मेहनतीचं."

आईनं कौतुकच केलं होतं, दोघींचं.

तिनं माती खरवडायची पोलादी पट्टी उचलली आणि धाकटीच्या दारामागे, नेमक्या त्या जागी, एकदाच ओढली. अर्धा मिलिमीटर. मातीची पातळ साल निघाली. ती तिनं एप्रनच्या खिशात टाकली आणि आपल्या गाडीकडे गेली. सवयीनं डोळे मिटले, सवयीनं हात ठेवला. नेहमीच्या जागी तो अडणार हे तिला ठाऊक होतं.

हात अडला नाही.

तिनं डोळे उघडून खाली वाकून पाहिलं. पट्टीचे बारीक ओरखडे उलट्या अंगाला कलले होते. स्टुडिओत डावखुरी एकटी धाकटीच होती. काल तीच म्हणाली होती, तू हो पुढे, मी आवरून येते.

दार वाजलं. धाकटी आत आली, आणि तिच्यामागे मापं घेणारे, ज्यांना सगळे मिलिमीटर म्हणत.

"आज घरी काय वातावरण असणार आहे ते सांगा," मिलिमीटर म्हणाले. "म्हणजे मी आठवडाभर तुमच्याकडे चहाला येणार नाही."

"तुम्ही या हो. कप मोजायला कुणीतरी हवंच," धाकटी म्हणाली.

ते भट्टीकडे गेले तशी तिनं धाकटीजवळ जाऊन आवाज खाली आणला.

"काल माझ्या गाडीला हात लावलास?"

धाकटी एप्रनची गाठ मारत होती. "जरासा. दाराच्या मागे. रागावू नकोस ना, ताई. रेघ तुझीच होती, मी नुसती मोकळी केली."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. तुझी गाडी तेवढ्याशासाठी जाऊ नये असं वाटलं."

तेवढ्याशासाठी. तीन आठवडे. आपण सकाळी काय केलं ते सांगायला वेळ होता. सर जिना चढून येईपर्यंतचा पुरता वेळ होता. ती पट्टी पुसत राहिली.

सरांनी आधी उजवी पाहिली. आरसा लागला, छतावरचे लांब दिवे पेटले, आणि गाडीच्या अंगावर उजेडाची एक सलग रेघ उमटली. त्या रेघेबरोबर चालत चालत सर दारामागे थांबले.

"इथे उजेड अडखळतोय."

"नाही, सर," असं म्हणत धाकटीनं तिथे तळहात ठेवला. हात थांबला. तिनं मान कलती करून ओरखडे पाहिले. मग हात काढून घेतला. ताईकडे तिनं पाहिलंही नाही.

आरसा डावीकडे गेला. सर दोनदा पुढे गेले, दोनदा मागे आले.

"छान. बॅटरीचं ओझं कुठे दिसतच नाही. हा दारामागचा भाग तर फारच निगुतीनं केलाय. ही ठेवू."

तिथली एक रीत होती. जिची गाडी ठरेल तिनं दाराखालच्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, गरम मातीचा गोळा लावून त्यावर अंगठा उमटवायचा. मिलिमीटर भट्टीतून गोळा घेऊन आले.

"घ्या, ताई. दोन मिनिटांत दगड होईल."

गोळा तिच्या हातात मऊ आणि ऊन होता.

"लाव ना," धाकटी म्हणाली. ती आपली पट्टी पुसत होती. मघापासून पुसत होती.

ती आपल्या गाडीशी गुडघ्यांवर बसली. अंगठा गोळ्यावर ठेवला. गोळ्याची कड आता घट्ट होऊ लागली होती.

ती उठली, दोन्ही गाड्यांमधून पलीकडे गेली आणि गोळा धाकटीच्या दारामागे त्या जागी दाबून बसवला. मग मागे न बघता हात पसरला. थोडा वेळ हात तसाच राहिला. मग धाकटीनं त्यात आपली पट्टी ठेवली.

"सर," माती ओढता ओढता ती म्हणाली, "तो आरसा परत इकडे आणायला सांगा."