बरणीतले गुलाबी मणी

मित्रांनो, मी काचेची एक जुनी, जाडजूड बरणी आहे. पण माझ्यात कधी कुणी खाऊ ठेवला नाही. अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माझा सगळा जन्म गेला. माझ्या तळाशी निळे मणी असतात आणि त्यांच्यावर एक जाळी. भट्टीतून निघालेल्या गरम मुशी, म्हणजे चिनी मातीच्या चिमुकल्या वाट्या, त्या जाळीवर निवायला ठेवतात. मुशीत पीठ जाळून राख करायची, राख निवली की तोलायची. राख प्रमाणाबाहेर भरली की समजायचं, पिठात माती-कचरा आहे.

माझे मणी हवेतली ओल पितात. पोट भरलं की ते गुलाबी होतात. मग त्यांना बाहेर काढून चांगलं तापवावं लागतं, की पुन्हा निळेशार. एवढीच माझी बडदास्त.

आमच्या प्रयोगशाळेतली ताई इथे शिकायला आली तेव्हा फार धांदरट होती. विश्लेषकाच्या पहिल्या परीक्षेत तिने कोमट मूसच तराजूवर ठेवली. आकडा काही केल्या स्थिर होईना आणि ताई नापास झाली. माझ्याशेजारी बसून ती मुसमुसत होती, तेव्हा आमचे साहेब म्हणाले, "अगं, पीठ कुठे पळून जात नाही आणि परीक्षाही नाही. निवू दे आधी. मुशीलाही आणि तुलाही."

सरावासाठी पीठ तिच्या घराखालच्या गिरणीतून यायचं. गिरणीवाले काका एकदा स्वतःच पिशवी घेऊन आले. भुवयांवर पीठ तसंच होतं. मला टकटक वाजवून म्हणाले, "या बरणीत खाऊ लपवता होय?" मग ताईकडे वळून, "पास झालीस की माझं पीठ तपास हं. नापास केलंस तरी चालेल!" सगळे खो खो हसले. मलाही ते काका फार आवडले.

ताई पास झाली. तिच्या हाती मी अगदी राणीसारखी होते. झाकण उचलायचं नाही, हळूच बाजूला सरकवायचं, हे ती नव्या मुलींना शिकवायची. मणी जरा फिकटले की लगेच तापवायला काढायची. येणारे पाहुणे म्हणायचे, "किती लख्ख बरणी आहे हो!" आणि मी उगाच ऐटीत चमकायचे.

पुढे साहेब निवृत्त झाले आणि सहीचा अधिकार ताईकडे आला. नमुन्यांचा नुसता ढीग पडला. ताईला वाटायचं, मणी मुली तापवत असतील. मुलींना वाटायचं, ते तर ताईचं काम. माझे मणी गुलाबी झाले, तसेच राहिले. काचेतून स्पष्ट दिसत होते, पण बघायला कुणाला सवड होती? मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती.

त्याच दिवसांत पिठाचा एक नमुना आला. नमुन्यावर मालकाचं नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. राख अगदी काठावरची होती. ताईने नियमाप्रमाणे दोन मुशी लावल्या. पण दोन्ही माझ्याच ओल्या पोटात निवल्या, दोघींनी सारखीच ओल ओढली आणि राखेचं वजन तेवढंच वाढलं. दोन्ही आकडे जुळले, दोन्ही प्रमाणाबाहेर. आकडे जुळले म्हणून ताई निर्धास्त झाली आणि तिने सही केली.

ते पीठ काकांचं होतं. गिरणीला टाळं लागल्याचं ताईला घरी जाताना दिसलं. तेव्हा तिला कळलं.

नमुन्याचा एक भाग सील करून राखून ठेवलेला असतो. मालकाने हरकत घेतली तर तो वरच्या प्रयोगशाळेत जातो. बऱ्याच दिवसांनी तो गेला आणि निर्दोष ठरला. त्या दिवशी ताई कधी नव्हे ती माझ्यासमोर उभी राहिली आणि मण्यांकडे पाहतच राहिली. मला तिची फार दया आली, आणि रागही आला.

काका निकालाची प्रत न्यायला आले. भुवया स्वच्छ होत्या. पिठाचा कणही नव्हता.

"काका, चूक माझी होती," ताई कशीबशी म्हणाली. "तुम्ही लगेच हरकत का नाही घेतलीत हो? गिरणी तरी वाचली असती."

"खाली तुझी सही होती ना गं," काका म्हणाले. "म्हटलं, आपली पोर चुकायची नाही. माझंच काहीतरी चुकलं असणार. सगळी गिरणी खोलून बसलो, दगड घासले, चाळण्या बदलल्या. शेवटी काकूच हट्टाला पेटली. तोवर गिऱ्हाईक पांगलं. विकून टाकली बघ."

ताईला रडूच फुटलं. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण मला टकटक वाजवलं नाही.

आता माझ्या झाकणाचा टवका उडालाय आणि मी खिडकीत रिकामी बसून असते. नव्या बरणीचे मणी ताई रोज सकाळी स्वतः पाहते. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही, काचेची बरणी नवी मिळते. पण तुमच्या शब्दावर कुणी डोळे मिटून विसंबणार असेल, तर तो देण्याआधी जरा मान वळवून मण्यांचा रंग बघा. त्या दिवशी ताईने बघितला असता, तर काकांच्या भुवयांवर आजही पीठ असतं.