आतली कडी

रायगोंडा आण्णांनी अंधारात दार चाचपलं, आणि मग त्यांना आठवलं. दार आतून उघडायची कडी त्यांनीच काढायला लावली होती.

सांगलीची माणसं गाण्याला येतात, पण बुवांनी आलाप लांबवला की चहाला उठतात. हे आण्णांना खपत नव्हतं. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत सिमेंट मिळत नसतानाही त्यांनी खास गाण्यासाठी हॉल बांधला. खिडकी एक नाही. आतला सूर बाहेर सांडू नये म्हणून भिंतींना आणि दाराला दुहेरी घोंगडी ठोकलेली. दार उघडायचं ते बाहेरून, म्हाताऱ्या हरिबानं. टाळ्या ऐकू आल्या की.

टाळ्या तीनदा झाल्या होत्या. दारावर बुक्क्याही मारून झाल्या, त्या घोंगडीतच मुरल्या.

बुवांपुढच्या समईच्या उजेडात घड्याळ दिसलं, साडेपाच. काल आण्णांचा चतुर्दशीचा उपास, आणि सकाळी उद्घाटनाच्या धांदलीत पारणं राहिलेलं. जैनांच्या नेमाप्रमाणे दिवस मावळल्यावर खायचं नाही; त्याआधी घास पोटात गेला नाही, तर थेट उद्या सकाळीच.

"जोरात वाजवा रं!" ते कुजबुजले.

शंभर माणसांनी हात लाल होईस्तोवर टाळ्या पिटल्या. हरिबाला ऐकू गेल्या नाहीत. रहिमतपूरहून आलेल्या बुवांना गेल्या. त्यांनी डोळे पुसले, तंबोरा पुन्हा जुळवला आणि नवा राग धरला. तोही विलंबित.

"आण्णा, हॉल लय झ्याक बांधलासा," मागून आकाराम सुभेदार म्हणाले. "पयल्या लढाईत तुर्काच्या कैदेत हुतो, तितं निदान खिडकी तरी हुती."

बाहेर आण्णांच्या पत्नी गुणमालाबाई डबा घेऊन आल्या.

"आवं हरिबा, अजून संपलं न्हाई?"

"कुटलं, वैनी! एक टाळी पडंना. बुवा लय वंगाळ गातोय जणू."

थोडा वेळ वाट बघून बाईंनीच कडी काढली. आत भैरवी नुकती संपली होती. बाहेर दिवस मावळला होता. आण्णांनी आधी आभाळाकडं पाहिलं, मग डब्याकडं. डबा त्यांनी सुभेदारांच्या हातात दिला.

बुवांनी येऊन आण्णांचे दोन्ही हात धरले.

"तीस वर्षं गातोय. माझ्या विलंबितात एकही माणूस उठला नाही, असं आज पहिल्यांदा झालं."

हरिबानं तोंड उघडलं. आण्णांनी त्याच्या पायावर पाय दिला. बुवा पुढं गेल्यावर ते हळूच म्हणाले,

"केरबा सुताराला सांग, आतनं उघडायची कडी परत बसवाय."

"आत्ताच बलवू?"

आण्णांचं पोट मोठ्यानं गुरगुरलं.

"उद्या. बुवांची गाडी सुटल्यावर."