कारण कुणी विचारलंच नाही

आमच्या शाळेत वर्गांमधल्या भिंती छतापर्यंत पोचत नाहीत. मी गणित शिकवत असले तरी पलीकडचं कायीरा मास्तरांचं इंग्रजी माझ्या वर्गाला फुकटात मिळतं. त्या दुपारीही मिळालं.

त्याच्या वर्गातल्या नासोलोचा आवाज होता. मोठ्यांशी बोलायचं म्हणजे ती गुडघे टेकूनच बोलत असणार, आमच्या सगळ्याच मुली तशा बोलतात. तिने आधी रीतसर ख्यालीखुशाली विचारली आणि मग चाचरत म्हणाली, "सर, डू आय डोन्ट हॅव टू कम धिस इव्हनिंग?" संध्याकाळच्या अभ्यासाला नाही आले तर चालेल का, एवढंच तिला विचारायचं होतं.

"डू आणि डोन्ट एकाच वाक्यात? वा गं शहाणे!" मास्तर कडाडले. "डोन्ट आय हॅव टू! म्हण."

"डोन्ट आय... डू..."

"पुन्हा!"

वर्ग फिदीफिदी हसला. मग मास्तरांनी अख्ख्या वर्गाकडून ते वाक्य घोकून घेतलं. तेवढ्यात माझ्या खिडकीशी एक बाई धापा टाकत आली. नासोलोची आत्या.

"मॅडम, पोरीला सोडा हो! आई गेली तिची. चार वाजता माती आहे. रजा घेऊन येते म्हणून आत गेली ती गेलीच. मोटारसायकलवाला फाटकाशी कधीचा खोळंबलाय."

माझं डोकंच फिरलं. कायीरा काही परका नाही, आमच्यातलाच, आमच्या बुगांडा मुलखातलाच. आमच्यात मरणाची बातमी कुणी तोंडावर आदळत नाही. आधी आडून काहीतरी विचारायचं, मग समोरच्या मोठ्या माणसाने "का गं बाळा, काय झालं?" म्हणायचं आणि मगच सांगायचं. हे त्याला कुणी शिकवायला हवं होतं? ती पोर तेवढ्या एका "का गं"ची वाट बघत बसली होती.

मी तरातरा त्याच्या वर्गात शिरले. "कायीरा, सोड तिला!" मी सरळ आमच्या भाषेत, लुगांडात ओरडले.

"मॅडम, इंग्रजीत बोला. मुलं ऐकतायत."

"ऐकू देत की! पोरीची आई मेलीय आणि तू तिच्याकडून घोकंपट्टी करून घेतोयस?"

कायीराचा चेहरा उतरला. "मग... मग तिने सांगायचं ना तसं."

"तू विचारलंस?"

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, खरंच सांगते. पण वेळ नव्हता. मी नासोलोला दंडाला धरून उठवलं आणि आम्ही तिघी त्या एकाच मोटारसायकलवर बसलो. वाटभर मी कायीराला शिव्या घालत होते.

गावात पोचलो तेव्हा पुरुषमंडळी कुदळींची माती धूत होती. केळीच्या बागेत ओला ढिगारा तेवढा दिसत होता. आत्याने तिथेच बसकण मारली आणि हंबरडा फोडला.

नासोलो रडली नाही. ढिगाऱ्यापाशी तिने गुडघे टेकले. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, मी ते वाक्य बरोबर म्हटलं असतं तर वेळेवर पोचले असते ना?"